मीठ वाढायला दिलेलं पोर

मे महिना उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात येते. वर समई, खाली हात जोडलेली दोन गुटगुटीत मुलं आणि मजकूर: ‘बालसंस्कार वर्ग. वयोगट ५ ते १२. रोज दीड तास. श्लोक, स्तोत्रं, बोधकथा, टेबल मॅनर्स.’ लगेच खाली अंगठे उमटतात. दोन-तीन आया ‘खूप गरज आहे हो याची’ असं लिहितात. त्यांना मी नावं ठेवत नाही. दिवसभर नोकरी करून, उभ्याने बसचा प्रवास करून सातला घरी पोचणाऱ्या बाईचं मूल कुणी दीड तास सांभाळत असेल आणि वर रामरक्षा पाठ करून घेत असेल, तर तिने नको का म्हणावं? माझं भांडण त्या जाहिरातीमागच्या समजुतीशी आहे. संस्कार ही गणिताच्या शिकवणीसारखी चीज आहे, ठरल्या वेळी मुलात भरायची आणि फी चुकती करायची, अशी ती समजूत.

सरकारदरबारीही हीच समजूत आहे. २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. मनाचे श्लोक आणि गीतेचा अध्याय पाठ करण्याचा उल्लेख त्यात होता, आणि वाद पेटला. पाठांतराने संस्कृती टिकेल, असं एक बाजू म्हणत होती. पाठांतराने मुलं एका धर्माच्या दावणीला बांधली जातील, असं दुसरी. सरकारी शाळा सगळ्यांची असते, म्हणून मी दुसऱ्या बाजूला होते आणि आजही आहे. पण ऐकताना सारखं वाटत होतं की दोन्हीकडची मंडळी एका मुद्द्यावर गुण्यागोविंदाने नांदताहेत: शाळेत जे म्हणून घ्याल तसं पोर घडतं.

तसं असतं तर आपलं राज्य एव्हाना सद्गुणांनी ओसंडून वाहिलं असतं. आपल्या शाळांत रोज परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं कित्येक शाळांच्या व्हरांड्यात ऑइलपेंटने रंगवलेली असतात. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे. मी शिकले त्या शाळेत सकाळी वर्ग मुली झाडायच्या आणि घंटा मुलगा द्यायचा. हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं. मूल्यं आम्ही परीक्षेत लिहिली, गुण मिळवले. शिकलो ते मात्र झाडू कुणाच्या हातात असतो आणि घंटेचा टोल कुणाच्या, हे बघून.

आता एक पंगत दाखवते. आमच्या गावाकडचं, सातारा जिल्ह्यातलं, माझ्या आत्याचं लग्न. दारात मांडव, खाली सारवलेली जमीन, पत्रावळींच्या लांबच लांब रांगा. माझा भाऊ तेव्हा आठ वर्षांचा. थोरल्या काकांनी त्याच्या हातात मिठाचं ताटलं दिलं आणि म्हणाले, ‘चल, वाढ. वर मधोमध. चिमूटभर. कुणाला चुकवायचं नाही.’ बस, एवढंच प्रशिक्षण. तो निघाला. पहिल्या पाच पानांवर मीठ कुठेही पडलं. सहाव्या पानावरच्या म्हाताऱ्याने त्याचा हात धरून जागा दाखवली. पुढच्या एकाने ‘कुणाचा रे तू?’ विचारलं, त्याने वडिलांचं नाव सांगितलं, त्यावर ‘अस्सं, म्हणजे अमक्याचा नातू’ असा खुलासा झाला. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत त्याला मीठ वाढता येत होतं आणि ऐंशी-नव्वद माणसांना तो कोण हे ठाऊक झालं होतं.

मीठच का? काकांनी कधी कारण दिलं नसतं, पण त्या रिवाजात शहाणपण मुरलेलं आहे. मीठ सांडलं तर नुकसान नाही. भाजत नाही, कपड्यावर डाग पडत नाही. पण ते प्रत्येक पानावर लागतं, म्हणून वाढणाऱ्याला एकूण एक माणसासमोर वाकावं लागतं. पुढच्या वर्षी तो पाण्याचा जग घेऊन फिरला. मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर अशी पानाची डावी बाजू आली. मग पोळ्या. दाढी-मिशी फुटायच्या सुमाराला आमटीची बादली, आणि शेवटी जिलेबीचं ताट. जिलेबी वाढायला नुसता हात चालत नाही, आग्रह करता यावा लागतो. कुणाला दोनदा म्हणायचं, कुणाला तिसऱ्यांदा, कोण तोंडाने ‘नको’ म्हणतंय पण हात पानावर आडवा धरत नाही, हे ओळखावं लागतं. आठव्या वर्षी मिठाने सुरू झालेला तो अभ्यासक्रम विसाव्या वर्षी जिलेबीने पुरा झाला. त्याला नाव नव्हतं आणि त्याचा शिक्षकही कोणी नव्हता.

जीन लेव्ह या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात वाई आणि गोला समाजातल्या शिंप्यांचा अभ्यास केला. तिथल्या दुकानात शिकायला आलेलं पोर आधी गुंड्या लावायचं, काठ दुमडून शिवायचं, तयार कपड्याला इस्त्री करायचं. मग शिलाई. कापड बेतणं सगळ्यात शेवटी, कारण कात्री चुकली तर कापड वाया. म्हणजे काम जिथे संपतं तिथून शिकणं सुरू. आपल्या गावच्या लग्नातल्या काकांना लायबेरिया नकाशावर दाखवता आला नसता, पण त्यांनी मिठाचं ताटलं दिलं त्यामागचा हिशोब तोच होता. चूक स्वस्त हवी, पण काम खरं हवं. मिठावाचून पंगत अडते, हे आठ वर्षांच्या पोरालाही समजतं. त्याला खोटं खोटं काम दिलेलं नसतं.

संस्कारवर्गात नेमकं हेच नसतं. तिथे मुलाच्या वाचून कुणाचं काही अडत नाही. त्याने श्लोक चुकवला तर बाई सुधारतात, न चुकता म्हटला तर चॉकलेट. दोन्ही वेळा मामला बाई आणि मूल यांच्यातला.

पाठांतर वाईट असं मी म्हणत नाही. माझी जीभ स्तोत्रांनी वळली आणि त्याचा आजही उपयोग होतो. पण मी ती पाठ केली नव्हती, ती पाठ झाली. गणपतीतल्या दहा दिवसांत, वाड्यातल्या चाळीस माणसांच्या गर्दीत, टाळ्या वाजवत. आरतीतलं ‘फणिवरबंधना’ मी कितीतरी वर्षं ‘फळीवर वंदना’ असं म्हणत होते. माझ्या डोळ्यांसमोर एक लाकडी फळी होती आणि तिच्यावर डोकं टेकणारा कुणीतरी. माझ्या पिढीतल्या असंख्य लोकांनी असंच म्हटलंय, हे पुढे कळलं तेव्हा भलताच दिलासा वाटला. कोणी दुरुस्त केलं नाही, कारण त्या गलक्यात कोणाला ऐकूच येत नव्हतं. अर्थ कळायच्या आत मी त्या घोळक्याची झाले होते. अर्थ सवडीने आला, आणि आला तेव्हा त्याला बसायला जागा तयार होती. वर्गात हा क्रम उलटा होतो. आधी शब्दार्थ, मग उच्चार, आणि ज्याच्याबरोबर म्हणायचं तो घोळका कधीच नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की बाई जुन्या दिवसांचे कढ काढताहेत. तर आता पंगतीची दुसरी बाजू सांगते.

भावाला मीठ मिळालं तेव्हा मी दहा वर्षांची होते, त्याच्याहून मोठी. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. माझ्या हातात पोळ्यांवर झाकायचं फडकं होतं. त्या दिवशी मी त्याच्याहून जास्त काम केलं, पण ‘कुणाची गं तू?’ असं मला एकानेही विचारलं नाही. बायकांची पंगत साडेतीनला बसली. तिला वाढायला कोणी नव्हतं, आमचं आम्हीच ओढून घेतलं. जिलेबी संपली होती. त्या एका दुपारी भाऊ गावाचा सभासद झाला आणि मी घरातलं माणूसबळ झाले. दोघांवरही कुणी ‘संस्कार’ केले नाहीत. आम्ही आपापल्या जागी उभे राहिलो आणि शिकलो.

म्हणून ‘पूर्वी घराघरात आपोआप संस्कार व्हायचे’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. व्हायचे, अगदी खरं आहे. पण काय काय व्हायचे?

आपल्या भाषेकडेच बघा. कित्येक मराठी घरांत मूल आईला ‘अगं आई, तू’ म्हणतं आणि वडिलांना ‘अहो बाबा, तुम्ही’. असं म्हण, असं त्याला कुणी बसवून सांगत नाही. तीन वर्षांचं असताना ते क्रियापदाच्या प्रत्ययातून घरातली उतरंड उचलतं. आता पुष्कळ घरांत बाबाही ‘अरे बाबा’ झालेत, छान आहे. पण आमच्याच सोसायटीत बघते, सात वर्षांची मुलगी पाचव्या मजल्यावरच्या तिशीतल्या इंजिनिअरला ‘काका, तुम्ही’ म्हणते आणि साठीच्या वॉचमनला ‘वॉचमनकाका, तू कुठे होतास?’ ‘काका’ तिला शिकवलेलं आहे. ‘तू’ तिने ऐकलेलं आहे. तिची आई संस्कारवर्गाच्या जाहिरातीला अंगठा देणाऱ्यांपैकी एक, आणि मनाने खरोखर चांगली बाई. तिला हे दाखवलं तर ती ओशाळेल. तिने कधी ऐकलंच नाही, कारण तीही तशीच बोलते.

याच रीतीने जात शिकवली गेली. डॉ. आंबेडकरांनी साताऱ्यातल्या शाळेच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. वर्गात त्यांना वेगळं बसावं लागे, तेही घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. संध्याकाळी तो तुकडा परत घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर नळ शिपायाने सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. आपण ही आठवण त्या एका मुलावरच्या अन्यायाची म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण त्या वर्गात इतरही मुलं होती. गुरुजींनी अस्पृश्यतेवर त्यांना धडा दिला नसेल. रोज एक पोर कोपऱ्यात गोणपाट पसरताना दिसत होतं, तेवढं पुरेसं होतं. त्यातली बहुतेक मुलं पुढे सज्जन गृहस्थ झाली असतील आणि आपल्या मुलांना खरं बोलावं, चोरी करू नये असं सांगत असतील.

वारीचं उदाहरण तर जिव्हारी लागतं. इरावती कर्वे गेल्या शतकाच्या मध्याला दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलं. दिवसभर एकत्र चालणारी, एकाच सुरात अभंग म्हणणारी माणसं जेवायच्या वेळी जातीप्रमाणे वेगळी होत होती, हे त्यांना फार लागलं. त्या वाटेवर चाललेल्या मुलांनी काय उचललं असेल? अभंग उचलले असणारच. आणि मुक्कामाला पोचल्यावर आपली चूल कुठली, हेही.

म्हणजे प्रश्न असा आहे: शिकवून जर जात, पुरुषपण, मोठेपण येत नाही आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या न चुकता पोचतं, तर ते शिकवून जाईल तरी कसं?

याचं कृतीने दिलेलं उत्तर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यातच झालं. भाऊराव पाटलांचं. ते स्वतः कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले, परत आल्यावर शुद्धीची अंघोळ करायला नाही म्हणाले, आणि बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावं लागलं. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं. तिथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं एका छपराखाली राहिली. स्वयंपाकाला हात लावायचा, शेतात राबायचं, पाणी भरायचं, आणि जेवायचं एका पंगतीला. १९२७ मध्ये गांधीजींनी तिथे भेट दिली आणि त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं. मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मंगळसूत्रासकट गेले.

भाऊरावांनी भाषणं कमी केली असं नाही. गडी गावोगाव बोलतच हिंडला. पण समतेचं काम त्यांनी भाषणावर सोडलं नाही. आपलं पोर महाराच्या पोराने थापलेली भाकरी खाणार, हे गावच्या पाटलाला पटवत बसले असते तर हयात सरली असती. त्यांनी पोराला भूक लागेल, भाकरी समोर असेल आणि ती थापणारा शेजारी बसलेला असेल, एवढी व्यवस्था केली. गावच्या पंगतीचीच ती कळ होती. फक्त कोण कुणाशेजारी बसणार आणि कोण वाढणार, हे त्यांनी बदललं.

हे आठवलं की मला आजच्या वादाची कीव येते. कारण राज्यातली सगळ्यात मोठी पंगत रोज दुपारी बसते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतल्या मुलांना शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला. तेव्हापासून खिचडी हा शाळेचा भाग झाला, आणि आज ही योजना पहिली ते आठवीपर्यंत आहे. खिचडीवर आपण बोलतो ते तांदळात अळ्या निघाल्या, बिल थकलं, स्वयंपाकीण ताईंचं मानधन अडलं तेव्हा. बोललंच पाहिजे. पण ही एक पंगत आहे, इथे कोण कोणाशेजारी बसतं, ताटं कोण मांडतं, वाढतं कोण, उष्टं कोण काढतं, स्वयंपाकीण कुठल्या वस्तीतली आहे आणि तिच्या हातचं सगळे खातात का, हा या राज्यातला खरा मूल्यशिक्षणाचा तास आहे, असं कुठल्याही आराखड्याच्या वादात मी ऐकलं नाही. आणि त्याहून अवघड गोष्ट अशी की ज्यांना संस्कृतीची सर्वाधिक काळजी आहे त्यांची मुलं या पंगतीतून केव्हाच उठून गेली. ती खासगी शाळेत आपापला डबा उघडतात. माझीही गेली. मुलाला इंग्रजी शाळेत घालताना मी शिक्षकांचं प्रमाण, मैदान, बसचा मार्ग सगळं बघितलं. तो कुणाशेजारी बसून जेवणार नाही, याचा विचार डोक्याला शिवला नाही.

काम द्या म्हटलं की दुसरा धोकाही असतोच. शाळेत ‘श्रमदान’ म्हणून संडास धुवायला ठरावीक वस्तीतल्याच मुलांना पाठवलं जातं, अशा तक्रारी देशभरातून येत राहिल्या आहेत. ते काम देणं म्हणजे पुन्हा गोणपाट पसरणं. पाळी ठेवायची तर ती सगळ्यांची, हजेरीच्या क्रमाने, मुलगा-मुलगी न बघता. पाटलाच्या पोराच्या वाट्याला झाडू आणि स्वयंपाकीणताईंच्या मुलीच्या वाट्याला घंटा, असं होत असेल तरच. नाहीतर काम न देणंच बरं.

सोसायटीकडे परत येते. आमच्या गणपतीत मुलांना आता काहीच काम नाही. वर्गणी ऑनलाइन जमा होते. आरास कंत्राटाने. प्रसादाची पाकिटं मिठाईवाल्याकडून बांधून येतात. मुलं पाचव्या दिवशी रेकॉर्डवर नाचतात आणि आम्ही मोबाइलवर त्यांचं चित्रण करतो. दिवाळीत पार्किंगच्या कडेला किल्ला करायला समितीने मातीला बंदी केली, गाड्यांना धूळ लागते म्हणून. गेल्या वर्षी दोघांनी तयार प्लास्टरचे किल्ले आणून ठेवले. त्यावर हळीव पेरता येत नाहीत, पण बक्षीस मिळालं. त्याच वेळी गेटपाशी वॉचमनच्या दोन मुलींनी विटांचे तुकडे आणि कुठून तरी पैदा केलेला चिखल घेऊन एक बुरूज उभा केला होता. आमची चार पोरं स्पर्धेतून पळून तिकडे जाऊन बसली. थोरली मुलगी, दहा-अकराची असेल, त्यांना ‘पाणी कमी घाल रे, ढासळंल’ असं दरडावत होती आणि ती मुकाट्याने ऐकत होती. अर्ध्या तासात वरून हाका आल्या, फराळाला चला. चौघं वर गेली. त्या दोघींना कुणी हाक मारली नाही. मीही नाही, मी गॅलरीतून बघत होते.

यंदाच्या बैठकीत मी एक सूचना मांडली. आरासीचे पंधरा हजार दहा ते चौदा वयाच्या मुलांच्या हातात द्यायचे. मुलांमध्ये वॉचमनच्या, धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या, इस्त्रीवाल्याच्या मुलांचीही नावं. वर्गणीची पावती पुस्तकं छापायची आणि दारोदार मुलांनी फिरायचं. प्रसाद घरोघरी आळीपाळीने करायचा आणि तोही मुलांनी वाढायचा. जमाखर्च त्यांनीच फलकावर लावायचा.

खजिनदारांनी विचारलं, हिशोब चुकला तर? मी म्हटलं, चुकेल, दोन-चारशेचा. एक वहिनी म्हणाल्या की कल्पना गोड आहे, पण पैसे हाताळायचे म्हणजे, तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय. मला कळलं. सगळ्यांनाच कळलं. कोपऱ्यात त्यांची मुलगी मोबाइलवर खेळत बसली होती, तिने मान वर करून एकदा आईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. विषय पुढच्या बैठकीवर टाकला आहे.